श्वास कुठे घ्यायचा

शंभर डोळ्यांच्या आर्गसला झोपवायचं काम देवांचा दूत मर्क्युरी याच्या गळ्यात पडतं. तो आधी पावा वाजवून बघतो. आर्गसचे काही डोळे मिटतात, काही टक्क उघडे. मग आर्गसच विचारतो, हे वाद्य नवीन दिसतंय, आलं कुठून? मर्क्युरी सांगायला लागतो, सिरिंक्स नावाची वनदेवता, तिच्या मागे लागलेला अर्धा बोकड असा रानदेव पॅन... आणि गोष्ट मध्यावर येते न येते तोच ऐकणारा गाढ झोपलेला असतो. पुढचं ही गोष्ट लिहिणारा रोमन कवी ओव्हिड स्वतःच्या तोंडाने उरकून टाकतो. लादोन नदीपाशी तिची वाट अडली, तिने जलदेवता बहिणींना हाक मारली, पॅनने झडप घातली तेव्हा त्याच्या मिठीत बाई नव्हती, बोरूचा जुडगा होता. तो सुस्कारा टाकतो. सुस्काऱ्याने बोरूतली हवा हलते आणि गाऱ्हाण्यासारखा बारीक आवाज निघतो. मग तो कमीजास्त लांबीचे बोरू मेणाने जोडतो, आणि वाद्याला तिचंच नाव राहतं.

ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या काव्याच्या पहिल्या खंडातल्या या जेमतेम पंचवीस ओळी. युरोपात साहित्यावरून बासरीसाठी जे लिहिलं गेलं, त्यातला मोठा भाग यांच्याच आसपास घुटमळतो. त्यातला क्रम मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. आधी सुस्कारा, मग आवाज, वाद्य सगळ्यात शेवटी. बोरू म्हटलं की मराठी माणसाला आधी लेखणी आठवते, तीही गोष्ट इथे नेमकी बसते. एकाच गवताची कांडी, टोक तासलं की लिहिते, तोंडाशी धरली की वाजते. ग्रीक ‘सिरिंक्स’ म्हणजे नळी. दवाखान्यातली सिरिंज ही याच शब्दाची नात, आणि पक्ष्यांच्या श्वासनळीच्या तळाशी जे स्वरयंत्र असतं त्यालाही शास्त्रात हेच नाव.

साहित्यावर आधारलेलं एकल बासरीवादन म्हटलं की लोक सुरांमध्ये प्रसंग शोधायला लागतात. ही नदी, हा पाठलाग, ही हाक. बासरीला यातलं काहीच धड सांगता येत नाही. शब्द नसलेल्या या वाद्याकडे वाक्य घडवायचं एकच खात्रीचं साधन आहे, ते म्हणजे वाक्य तोडणं. लिहिणारा जिथे स्वल्पविराम देतो तिथे वाजवणारा श्वास घेतो. त्यामुळे अशी रचना हातात आली की कथा कुठली हा प्रश्न नंतरचा. श्वास कुठे घ्यायचा, हा पहिला.

तिन्ही प्रश्न, म्हणजे कथा, शीर्षक आणि श्वास, ज्या एका रचनेत एकमेकांत अडकलेत ती म्हणजे फ्रेंच संगीतकार क्लोद देब्युसीची ‘सिरिंक्स’. 35 मापं (उभ्या रेषांनी पाडलेले तालाचे तुकडे), तीनेक मिनिटं, बासरी एकटी. जगभरच्या बासरीवादकांच्या तोंडी असलेली ही रचना मुळात मैफलीसाठी नव्हतीच. गाब्रिएल मूरेच्या ‘प्सिशे’ या काव्यनाटकासाठी देब्युसी पार्श्वसंगीत देणार होता, त्यातली एवढी एकच गोष्ट त्याच्या हातून पुरी झाली. नोव्हेंबर 1913 मध्ये तो मूरेला लिहितो, त्याचा मतितार्थ असा की क्षितिजावर गाणाऱ्या बासरीत भावना पहिल्याच क्षणी असावी लागते, पुन्हा पुन्हा सांगत बसायला तिथे वेळ नसतो. 1 डिसेंबर 1913 रोजी पॅरिसमध्ये लुई मॉर्स यांच्या खासगी रंगमंचावर बासरीवादक लुई फ्लरीने ती वाजवली, आणि तीही विंगेत बसून. प्रेक्षकांना वादक दिसला नाही.

हस्तलिखितावर नाव होतं ‘पॅनची बासरी’. फ्लरीने ते स्वतःपाशी ठेवलं आणि आयुष्यभर वाजवलं. 1926 मध्ये तो गेला, आणि 1927 मध्ये जोबेर या प्रकाशकाने रचना छापली तेव्हा ती ‘सिरिंक्स’ झाली. देब्युसीचं ‘पॅनची बासरी’ याच नावाचं एक गाणं आधीच बाजारात होतं, त्यामुळे घोळ टाळायला नवं नाव दिलं असणार. पण नव्या नावाने दुसराच घोळ करून ठेवला. शिकणाऱ्या मुलांना गुरू ओव्हिडची गोष्ट सांगतात, मुलं मधल्या भागात पाठलाग वाजवतात, लय चढवतात, धाप लागल्यासारखे सूर फेकतात. मूरेच्या नाटकात इथे पाठलाग नाहीच. पॅन मरणापूर्वी अखेरचं वाजवतो आहे, आणि दोन वनदेवता ते ऐकताहेत. एक त्याला घाबरते, दुसरी तिला म्हणते, ऐक तर खरं. रचना वाजते ती त्यांच्या ऐकण्याच्या वेळात. देब्युसीने मधल्या भागावर ‘किंचित गती, पण अगदी किंचित’ अशी सूचना लिहिली आहे. ‘पण अगदी किंचित’ हे शब्द त्याने मुद्दाम खर्ची घातलेत, आणि पाठलाग वाजवणारे नेमके तेच गाळतात.

श्वासाचा घोळ याहून मोठा. छापील प्रतीत ठिकठिकाणी स्वल्पविरामासारख्या श्वासखुणा आहेत. फ्रेंच बासरीचा मोठा गुरू मार्सेल मोईझ सांगायचा, की देब्युसीने मापांच्या उभ्या रेषादेखील दिल्या नव्हत्या, त्या आपण घातल्या. पुढे ब्रुसेल्सच्या एका खासगी संग्रहातून जुनी हस्तलिखित प्रत पुढे आली. तिच्यात रेषा आहेत, नाटकातल्या संवादांचे धागे आहेत, आणि श्वासखुणा छापील प्रतीपेक्षा फारच कमी आहेत. म्हणजे पिढ्यान् पिढ्या जे विराम ‘देब्युसीचे’ म्हणून पाळले गेले, त्यातले बरेचसे संपादकाचे. एखाद्या कवीच्या संग्रहात मुद्रकाने मनाने स्वल्पविराम टाकावेत आणि समीक्षकांनी त्यावर प्रबंध लिहावेत, तसं हे झालं.

मग वाजवणाऱ्याने करायचं काय? खुणा खोडून सगळं एका दमात ओढायचा हट्ट धरणारेही आहेत. तो हट्ट बासरीवर टिकत नाही, कारण फुंक मुखरंध्राच्या धारेवर फुटते आणि तिचा काही भाग नळीत न जाता बाहेरच सांडतो. समोरून अडवणारं काही नसतं, म्हणून हवा झपाट्याने सरते. ओबो या पाश्चात्त्य फुंकवाद्याचं उलट. तिथे दुहेरी पातीची फट इतकी अरुंद असते की हवा छातीत शिल्लक राहून शिळी होते, आणि वादकाला नवा श्वास घेण्याआधी जुना सोडावा लागतो. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनने 1951 मध्ये ओव्हिडवरच सहा तुकडे लिहिले ते एकट्या ओबोसाठी, पहिला तुकडा पॅनचाच. त्याला मापाचं बंधन नाही आणि लांबलेल्या सुरांवर थांबत थांबत तो चालतो, ओबोच्या फुप्फुसांना हे थांबे मानवतात. तोच तुकडा बासरीवर उतरवला की थांब्यांचा अर्थच पालटतो. ओबोवर ते विचार केल्यासारखे वाटतात, बासरीवर दम लागल्यासारखे.

‘सिरिंक्स’मध्ये श्वासाची जागा ठरवायला सुरांची चाल मदत करते. सुरुवात बी-फ्लॅटवर, म्हणजे कोमल बी वर. एक लांब सूर, मग खालचा आणि वरचा शेजारी असे दोन झटपट सूर, मग एक पायरी खाली तेच. ही आकृती तिसऱ्या मापात पुन्हा येते, नवव्या मापात एक सप्तक खाली येते, शेवटाकडे पुन्हा येते, पण दर वेळी बी-फ्लॅटवरूनच. पाश्चात्त्य रचनेत एखादा विषय वेगवेगळ्या पट्टीत फिरवण्याची रीत असते. इथे तो आपली जागा सोडत नाही, रागातली एखादी पकड आपल्याच सुरांवर बसते तसा. म्हणून आकृती परत सुरू होण्याआधीचा श्वास हा पूर्णविराम, तो निवांत घ्यायचा. मधले श्वास स्वल्पविराम, ते चोरून घ्यायचे. चोरीचा नियम जुना आणि पक्का आहे. श्वासाचा वेळ आधीच्या सुराच्या शेपटीतून काढायचा, पुढच्या सुराच्या तोंडातून कधीही नाही. आधीचा लांब सूर किंचित लवकर सोडला तर ऐकणाऱ्याला कळत नाही, पुढचा उशिरा आला तर वाक्य अडखळतं. श्वास घेताना खांदे वर गेले तर हवा फक्त छातीच्या वरच्या भागात भरते आणि चार सेकंदांत संपते. जबडा सैल सोडून, ओठांचे कोपरे न हलवता, पोट आणि बरगड्या बाजूला फुगतील असा श्वास घेतला तर आवाजही होत नाही आणि ओठांची ठेवणही मोडत नाही.

पहिल्याच आकृतीत आणखी एक सापळा आहे. बी-फ्लॅट काढायचे बोएम बासरीवर, म्हणजे कळांच्या पाश्चात्त्य बासरीवर, दोन-तीन मार्ग आहेत, त्यात डाव्या अंगठ्याच्या दुहेरी कळीचा मार्ग बहुतेकांच्या हातात बसलेला असतो. इथे तो घात करतो. बी-फ्लॅटनंतर ए, आणि लगेच बी शुद्ध लागतो, म्हणजे अंगठा ऐन झटक्यात एका कळीवरून दुसरीवर सरकवावा लागतो, आणि मध्ये एक मळका सूर उमटतो. उजव्या तर्जनीने बी-फ्लॅट काढला की अंगठा जागचा हलत नाही. दुसरी चूक लयीची. तो लांब सूर आणि दोन छोटे यांचं प्रमाण सहाला एक, एक असं आहे. आळसावलेल्या हाताने ते चाराला एक, एक होतं, आणि गंभीर वाक्य पाळण्यातल्या गाण्यासारखं डुलायला लागतं. साधा उपाय म्हणजे लांब सूर मनात सहा भागांत मोजायचा आणि ते दोन सूर पुढच्या सुराला चिकटवायचे, मागच्याला नव्हे.

विंगेतून वाजवायचा आग्रह आजही काही जण धरतात. दिवे मालवून वाजवण्याची टूमही त्यातूनच निघाली असावी. दिव्यांचं सोडा, पण विंगेतून वाजवायचं तर कामाची पद्धत बदलावी लागते. पडदे वरचे सूर पिऊन टाकतात, त्यामुळे सुराच्या सुरुवातीची जिभेची धार बाहेर पोचत नाही, ती एरवीपेक्षा स्पष्ट लागते. हलकं वाजवायला लिहिलं असेल ते मध्यम वाजवायचं, दूरपणा अंतर आपोआप देतं. त्यात वादकाने आपलाही दूरपणा मिसळला तर तिसऱ्या रांगेनंतर काही उरत नाही.

याच देब्युसीची याच्या आधीची मोठी साहित्यिक बासरी सगळ्यांच्या परिचयाची आहे, वाद्यवृंदासाठीचं ‘फॉनची दुपार’चं पूर्वसंगीत. फॉन म्हणजे पॅनच्याच जातीचा, अर्धा बोकड असा रानदेव. पहिला प्रयोग 22 डिसेंबर 1894 चा, बासरीवर जॉर्ज बारेर. ते ज्या कवितेवरून सुचलं, त्या फ्रेंच कवी मालार्मेच्या कवितेत 110 ओळी, आणि संगीतात 110 मापं. ओळ आणि माप यांची जोडी लावत बसलं तर हाती काही लागत नाही, पण लांबी सारखी आहे हा योगायोग म्हणून सोडूनही देता येत नाही. मालार्मेने पुढे कवितेच्या एका प्रतीवर चार ओळींचा श्लोक लिहून दिला. त्यात तो रानातल्या आदिम श्वासाच्या जीवाला म्हणतो, तुझ्या बासरीला यश आलंच असेल तर देब्युसी तिच्यात जो उजेड फुंकेल तो ऐक. कवीने संगीतकाराला दिलेल्या दाखल्यात शब्द येतात ते श्वास आणि फुंकर, याची नोंद घ्यावी.

पहिली तीन मापं बासरी एकटीच. सी-शार्पवर सुरुवात, तिथून सूर घरंगळत जी पर्यंत उतरतो आणि परत वर. सी-शार्प हा बोएम बासरीवरचा सगळ्यात बेभरवशाचा सूर. बहुतेक सगळी छिद्रं उघडी, नळी जवळजवळ उरलेलीच नाही, आवाज पोकळ आणि जरा चढाच. बासरीच्या दृष्टीने यापेक्षा वाईट सुरुवात शोधून सापडणार नाही, आणि देब्युसीला नेमका तोच अर्धवट जागा, कडा नसलेला सूर हवा होता. इथे आपल्या बासरीवाल्यांसाठी एक गंमत आहे. आपल्याकडे वरची तीन छिद्रं बंद केली की सा, सगळी उघडली की तीव्र मध्यम. बोएम बासरीवर डाव्या हाताची बोटं बंद केली की जी, सगळी उघडली की सी-शार्प. म्हणजे जी ला सा मानला तर फॉनची ती प्रसिद्ध ओळ तीव्र मध्यमावरून सा वर उतरते आणि परत चढते. बोटंही तीच, हवेचा पोकळपणाही तोच. यमन वाजवणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, तीव्र मध्यम स्थिर ठेवायला किती महिने गेले. बासरी हाताला आधारच देत नाही, सगळा सूर ओठांवर तोलावा लागतो. उपायही दोन्हीकडे सारखाच. फुंकेचा रोख जरा खाली, ओठांची फट लहान, आणि जोर कमी करण्याऐवजी हवेची धार बारीक.

ही ओळ एका श्वासात वाजवावी असा संकेत आहे. लय संथ धरली तर वीसेक सेकंद लागतात, आणि सूर हलका ठेवायचा म्हणून हवा वाचवता येत असली तरी पोकळ सी-शार्प हवा खातो. चुकतं ते बहुधा इथे. वादक पहिल्याच लांब सुरावर रंगून जातो, कंप देतो, सौंदर्य ओततो, आणि उतरण संपायच्या आत रिकामा होतो. पहिला सूर निम्म्या हवेवर, जवळजवळ निर्विकार. रंग परतीच्या वाटेवर भरायचा.

फ्लरीचं नाव पुन्हा एकदा येतं ते फ्रेंच संगीतकार आल्बेर रुसेलच्या ‘बासरीवादक’ या 1924 च्या चार तुकड्यांत. सोबत पियानो आहे, म्हणून काटेकोरपणे हे एकल नव्हे. पण साहित्य आणि बासरी यांचा इतका सरळ हिशेब दुसरीकडे सापडत नाही. पहिला तुकडा पॅनचा, दुसरा व्हर्जिलच्या गोपकाव्यातला तितिर, चौथा आंरी द रेनियेच्या कादंबरीतला बासरीवादक. तिसरा तुकडा ‘कृष्ण’, आणि तो फ्लरीलाच अर्पण केलेला. रुसेल आधी नौदलात होता, 1909 मध्ये हिंदुस्थानात फिरला, वेरूळची लेणी पाहून गेला. लेण्यांच्या सावलीतल्या देवांवर त्याने वाद्यवृंदाचा एक अख्खा भाग लिहिला आहे. ‘कृष्ण’साठी त्याने राग श्रीचे सूर घेतले, रिषभ आणि धैवत कोमल, मध्यम तीव्र.

सूर घेतले, श्री मात्र आला नाही. यात रुसेलला दोष देण्यात अर्थ नाही, कारण श्री हा सुरांच्या यादीत राहणारा राग नाही. आरोहात गंधार-धैवत वगळून सा, कोमल रे, तीव्र म, प, नी असं चढायचं, आणि रिषभ-पंचमाची संगती पुन्हा पुन्हा दाखवायची, हे त्याचं चलन. रे वरून प कडे अखंड घसरत जाणारी मींड हा त्याचा प्राण. कळांच्या बासरीवर मींड निघते ती फार थोडी, आणि पियानोचा बांधील रिषभ श्रीच्या उतरलेल्या रिषभाशी जुळत नाही. मराठी कानाला ‘कृष्ण’ ऐकताना ओळखीचं घर दिसतं, पण त्यातली माणसं वेगळीच निघतात. खरं सांगायचं तर आपल्या बासरीवरही ती मींड सोपी नाही. कोमल रिषभ म्हणजे तिसरं छिद्र अर्धं, मध्य पंचम म्हणजे सगळी सहा बंद आणि फुंक वरच्या सप्तकाची. दोघांच्या मध्ये तीव्र मध्यम येतो, सगळी उघडी. म आणि प यांच्यातला हा सांधा बासरीची जन्मजात अडचण. पन्नालाल घोषांनी सातवं छिद्र पाडलं ते याच परिसरासाठी. सांधा लपवायचा तर बोटं एकदम न टाकता खालून वर अशी लोळवत टाकावी लागतात आणि फुंक बोटांच्या निमिषभर आधी वाढवावी लागते. बोटं आधी पडली तर खर्जातला पंचम भसकन बोलतो.

बासरीवरच्या साहित्यात एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसते. भागवताच्या दशम स्कंधातला एकविसावा अध्याय वेणुगीताचा. त्यात कृष्ण काय वाजवतो याचं वर्णन जवळजवळ नाहीच. गायी कान टवकारतात, वासरांच्या तोंडातलं दूध तोंडातच राहतं, नद्यांचा वेग मंदावतो, आणि हे सगळं गोपी एकमेकींना सांगतात. मराठी गवळणींनी हाच मार्ग धरला. एकनाथांची गौळण वेणूने भुलते, तिचं घरकाम विसकटतं, पण वेणू कुठल्या सुरात बोलली हे ती सांगत नाही. मूरेच्या नाटकातही दोन वनदेवता ऐकतात, बोलतात, आणि मध्ये एक रिकामी जागा सोडलेली असते. साहित्य बासरीला अशीच जागा देतं. ऐकणाऱ्याचं सगळं लिहिलेलं, वाजणाऱ्याचं काहीच नाही. म्हणून गवळणीवरून बासरी वाजवणारे जेव्हा वासरू, यमुना, पाखरं असं एकेक नाम सुरात काढायला जातात तेव्हा फसतात. ती कामं शब्दांनी आधीच करून टाकलेली असतात.

शब्दांकडून घ्यायचंच असेल तर त्यांची मापं घ्यावीत. मोठा अभंग बासरीवर उतरवून पाहण्यासारखा आहे. चार चरण, पहिले तीन सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. आधी अभंग मोठ्याने आठ-दहा वेळा म्हणायचा, चाल न लावता, आणि आवाज आपसूक जिथे तुटतो तिथे पेन्सिलीने रेघ मारायची. मग बासरीवर फक्त षड्ज धरून अक्षरांच्या ऱ्हस्व-दीर्घाप्रमाणे वाजवायचं. या पायरीला कंटाळून लोक ती टाळतात, आणि पुढे सगळं बिघडतं ते इथेच. एका सुरावर वाक्य उभं राहिलं नाही तर सात सुरांवर ते लपतं, उभं राहत नाही. त्यानंतर सूर. पहिला चरण एका श्वासात. दुसरा-तिसरा जोडून एका श्वासात, कारण यमक ऐकू यायचं तर दोन टोकं जवळ हवीत. यमकासाठी दोन्ही चरणांचा शेवट त्याच दोन-तीन सुरांवर आणायचा, वाट मात्र वेगळी ठेवायची. अक्षराला एक सेकंद धरला तरी ही बारा अक्षरं पांढरी तीनच्या पट्टीतल्या, सुमारे 30 इंचांच्या मोठ्या बासरीवर दमात बसतात.

चौथ्या चरणापाशी खरी परीक्षा. अक्षरं चारच, आणि श्वास तर पुरता भरलेला. हात शिवशिवतात, उरलेल्या हवेत एखादी तान मारून घ्यावी असं वाटतं. मारू नये. दोन अक्षरांची ती उणीव हेच अभंगाचं वळण आहे. तिथे गाणारा थांबतो, टाळ बोलतो, मंडळी श्वास घेतात. ओवीचा चौथा चरणही असाच आखूड आणि यमकाबाहेरचा, जात्याचा दांडा फिरून परत हाताशी येईपर्यंतचा.

शब्द वाद्यातच घालायचे तर काय होतं, ते जपानी संगीतकार तोरू ताकेमित्सूने 1971 च्या ‘व्हॉइस’मध्ये करून दाखवलं. बासरी एकटी, बासरीवादक ओरेल निकोलेसाठी लिहिलेली. शुझो ताकिगुची या अतिवास्तववादी कवीची एक ओळ वादकाने स्वतः बोलायची आहे, फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीतही. अर्थ असा की कोण आहे तिकडे, जो कोणी असशील तो बोल, पारदर्शकते! ओठ मुखरंध्राला टेकवूनच बोलायचं, त्यामुळे क आणि प सारखी व्यंजनं नळीत टाळीसारखी वाजतात आणि स्वर नळीत शिरून भुतासारखे परत येतात. मध्येच वाजवता वाजवता गुणगुणायचं, कळा आपटायच्या, जिभेने सूर खटकन बंद करायचा. नाटकी अभिनय केला की तुकडा पडतो. ओळ रागाने म्हटली तर ती धमकी होते, कुजबुजली तर भुताची गोष्ट. दारावरचा पहारेकरी रोज विचारतो तितक्याच सपाट आवाजात ती म्हणावी, मग बासरीचं उत्तर भयंकर वाटतं.

रेकॉर्डिंगमध्ये या सगळ्याचं नुकसान सहज होतं. मायक्रोफोन तोंडासमोर ठेवला तर फुंकेचा फसफसाट सुराच्या वर बसतो. तो ओठांच्या पातळीच्या जरा वर, अर्ध्या मीटरवर, आणि बोटांच्या दिशेला सरकवून ठेवावा. मग संपादन करणारा तरबेज तरुण संगणकावर एकेक श्वास पुसत जातो, वर घुमारा चढवतो, आणि फाइल गुळगुळीत होऊन परत येते. विरामचिन्हं काढलेलं पान वाचून पाहावं, तसं ते ऐकायला होतं. गोंगाटाचे श्वास कमी करावेत, पूर्णविरामाचे ठेवावेत, आणि घुमारा दीड-दोन सेकंदांच्या पलीकडे जाऊ देऊ नये, नाहीतर तो पुढच्या वाक्यावर सांडतो.

‘सिरिंक्स’च्या शेवटाकडे मात्र घुमारा, मायक्रोफोन काही कामाला येत नाही. ‘शेवटपर्यंत रोखत’ अशी सूचना आधीच येऊन गेलेली असते, मग ‘फार रोखून’, मग ‘विरत’. सूर उतरतात ते पूर्ण स्वरांच्या सारख्या पायऱ्यांनी, बी, ए, जी, एफ, ई-फ्लॅट, डी-फ्लॅट. सगळ्या पायऱ्या सारख्या, म्हणून टेकायला जागा नाही. फॉन सुरू झाला तो सगळी छिद्रं उघडी टाकून, पॅन संपतो तो जवळजवळ सगळी बंद करून. ई-फ्लॅटवरून डी-फ्लॅटवर जाताना उजव्या करंगळीला एका कळीवरून दुसरीवर घसरत जावं लागतं, तेही इतक्या संथ लयीत की अडखळलेली करंगळी शेवटच्या रांगेत ऐकू जावी. जुने वादक त्याआधीच्या विरामात करंगळी नाकाच्या कडेला हळूच घासून घेतात, त्वचेचं तेल पुरतं. डी-फ्लॅट लागल्यावर आवाज कमी करताना सूर उतरायला लागतो, म्हणून फुंकेचा रोख थोडा थोडा वर न्यायचा, ओठ पुढे, फट बारीक. पायाच्या जोडाची गादी कुठे गळत असेल तर हा सूर बोलतच नाही, ते मैफलीच्या आधीच तपासलेलं बरं. सूर विरला की बासरी लगेच खाली घ्यायची नाही, आणि पुढचा श्वास नाकाने, आवाज न करता. पॅन मेलेला आहे, त्याच्या जागी धापा टाकणारा वादक ऐकू येता कामा नये.